भाजीच्या आधी माती

उसाच्या रसाच्या दुकानामागे संध्याकाळपर्यंत चिपाडांचा ढीग लागतो. चरकातून दोन-तीनदा पिळून निघालेलं हे चिपाड बहुतेक ठिकाणी कचऱ्याच्या गाडीत जातं. मुंबईत वांद्र्याला राहणाऱ्या डॉ. आर. टी. दोशी यांनी मात्र त्याला शेत मानलं. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि जुनी पिंपं घ्यायची, त्यांत चिपाडाचे तुकडे दाबून भरायचे, वर खतमिश्रित मातीचा पातळ थर द्यायचा आणि त्यात रोप लावायचं. या पद्धतीने त्यांनी इमारतीच्या गच्चीवर भाज्या घेतल्या, फळझाडं वाढवली, ऊससुद्धा उभा केला. शहरात जमीन नाही म्हणून भाजी पिकवता येत नाही, हा समज ज्यांनी हाताने काम करून खोडून काढला, त्यांत दोशींचं नाव फार वरचं आहे.

त्यांच्या पद्धतीत मातीला इतकी कमी जागा का, हे नव्याने बाग करणाऱ्याने आधी समजून घ्यायला हवं. गच्चीवर एक चौरस मीटरचा वाफा केला आणि त्यात फूटभर खोल माती भरली, तर पाणी घातल्यावर तिचं वजन जवळजवळ अर्धा टन होतं. लोकांच्या वावरासाठी बांधलेल्या घरगुती गच्चीने चौरस मीटरला साधारण दीडशे किलो जादा भार पेलावा, असं भारतीय मानकात गृहीत धरलेलं असतं. म्हणजे शेतातली माती ट्रकने मागवून गच्चीभर पसरणारा माणूस स्लॅबवर तिपटीहून जास्त ओझं टाकतो. शिवाय ती माती कुंडीत चार महिन्यांत दगडासारखी घट्ट होते, पाणी वर साचतं आणि मुळं गुदमरतात. चिपाड आणि पालापाचोळा हलका. तो ओलावा धरतो, हवा खेळती ठेवतो आणि कुजता कुजता स्वतःच खत होतो. गच्चीवरच्या बागेचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. जड कुंड्या ठेवायच्याच असतील तर त्या कडेला, खाली तुळई किंवा भिंत असेल तिथे ठेवाव्यात. स्लॅबच्या मध्यावर नको. आणि गच्चीवर काहीही करण्याआधी गळती तपासून घ्यावी, कारण सोसायटीत बागेला होणारा विरोध बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरच्या ओल्या छतापासून सुरू होतो.

या विचाराला महाराष्ट्रात जुनी मुळं आहेत. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव परिसरातल्या द्राक्षबागायतदारांना बरोबर घेऊन 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकऱ्यांनी आपापल्या बागेत प्रयोग करायचे, नोंदी ठेवायच्या, एकमेकांना पत्रं लिहून निष्कर्ष सांगायचे. वरून येणाऱ्या सल्ल्याची वाट बघायची नाही. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचं पुस्तक आजही गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या हातून हातात फिरतं. दाभोलकरांचा हिशेब एकरांवर नव्हता, पानांवर होता. झाड म्हणजे ऊन साठवणारा पसारा. पानांवर किती चौरस फूट ऊन पडतं आणि मुळांना किती जिवंत माती मिळते, या दोन गोष्टी मोजता आल्या की पीक किती येईल याचा अंदाज बांधता येतो. द्राक्षबागेतून आलेली ही दृष्टी दहा कुंड्यांच्या गॅलरीलाही तशीच लागू पडते.

दाभोलकरांच्या विचारातूनच 'अमृत मिट्टी'ची कृती पुढे आली. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि 50 ग्रॅम गूळ कालवून तीन दिवस ठेवायचं, अधूनमधून ढवळायचं. हे झालं अमृतजल. ते दहापट पाण्यात मिसळून त्यात सुका पालापाचोळा भिजवायचा आणि थोड्या मातीबरोबर थरावर थर रचायचे. पुढे त्या ढिगावर धान्य, कडधान्य, तेलबिया यांचं मिश्रण पेरायचं, उगवलेली रोपं ठरावीक टप्प्यांवर कापून पुन्हा तिथेच घालायची. चार-पाच महिने हे चालतं. हाती येते ती काळसर, भुसभुशीत, पावसाळी जंगलासारखा वास असलेली माती. वेळ लागतो, पण ही माती एकदा जमली की दर हंगामात पोती विकत आणावी लागत नाहीत.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे आजच्या मुंबई बंदर प्राधिकरणाच्या, मध्यवर्ती स्वयंपाकघरात खानपान विभाग सांभाळणाऱ्या प्रीती पाटील यांनी 2002च्या सुमारास हा विचार कामाच्या जागीच लावून पाहिला. स्वयंपाकघरातून रोज भाज्यांची देठं, सालं, फळांचा चोथा निघायचा. वर सुमारे 3,000 चौरस फुटांची गच्ची मोकळी होती. खालचा ओला कचरा वर न्यायचा, तिथेच कुजवायचा, त्यातच झाडं लावायची. कर्मचाऱ्यांनी सुट्टीच्या वेळात हात लावला. काही वर्षांत त्या गच्चीवर पेरू, चिकू, आंबा, नारळ अशी झाडं आणि हंगामाप्रमाणे भाज्या उभ्या राहिल्या. कचऱ्याच्या गाडीत जाणारं ओझं कमी झालं, ते वेगळंच. पुढे त्यांनी 'अर्बन लीव्ह्ज' या गटातून शहरातल्या इतर गच्च्यांवर आणि शाळांत हे काम नेलं. या बागेची खरी शिकवण म्हणजे तिथे आधी कचऱ्याची व्यवस्था लागली आणि मग बाग झाली. नवखे लोक नेमकं उलटं करतात. नर्सरीतून टोमॅटोची फुललेली रोपं आणतात, मग माती शोधतात आणि रोप पिवळं पडू लागलं की खताची बाटली.

म्हणून पहिला महिना खताला द्यावा. घरी खत करायला महागडं यंत्र लागत नाही. तळाला आणि बाजूंना भोकं पाडलेला रंगाचा जुना डबा, माठ किंवा फळांचा क्रेट पुरतो. तळाशी चार बोटं सुकी पानं. त्यावर रोजचा ओला कचरा, बारीक चिरून. त्यावर त्याच्या दुप्पट सुकी पानं, भुसा किंवा नारळाच्या शेंड्या पिंजून. विरजण म्हणून मूठभर जुनं खत किंवा पाण्यात कालवलेलं आंबट ताक. कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो. भाजीच्या सालांत नत्र जास्त, सुक्या पानांत कर्ब जास्त, दोन्ही मिळून मेळ बसतो. वास आला की समजावं, ओलं जास्त झालं. सुकी पानं वाढवून वर-खाली करावं, वास जातो. पांढऱ्या-तपकिरी अळ्या दिसल्या तर किंचाळायचं कारण नाही. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा भराभर खातात आणि माणसाला काही करत नाहीत. शिजवलेलं तेलकट अन्न, मटण-मासळी आणि दूध सुरुवातीला डब्यात घालू नये. एवढं पथ्य पाळलं की दोन ते तीन महिन्यांत खत तयार होतं. हातात घेतलं की मूठ वळते, पण पाणी निथळत नाही आणि कशाची साल होती ते ओळखू येत नाही.

कुंडीत भरताना एक भाग हे खत, एक भाग माती, एक भाग पालापाचोळा किंवा कोकोपीट आणि वर मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुष्कळ झालं. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवली की पाऊणशे लिटरच्या आसपास फुगते. पण तिच्यात अन्न जवळजवळ नसतं आणि खारटपणा असू शकतो. एकदा धुऊन घ्यावी आणि नुसत्या कोकोपीटमध्ये भाजी लावण्याचा मोह टाळावा. बाजारात 'ऑरगॅनिक किट' नावाने जे विकलं जातं त्यात बहुधा हेच असतं, वर दहा पाकिटं बियाणं. त्याची गरज नाही.

आता ऊन. गॅलरी कुठल्या दिशेला आहे, यावर अर्धं पीक ठरतं, आणि आपल्या भागात ऊन वर्षभर एकाच बाजूने येत नाही. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला इतका कललेला असतो की दुपारी बारालाही क्षितिजापासून जेमतेम 48 अंश वर येतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या गॅलरीत दिवाळी ते होळी आतपर्यंत ऊन शिरतं. हिवाळी भाजीसाठी याहून चांगली जागा नाही. उत्तरेकडच्या गॅलरीत त्या काळात जवळजवळ सावलीच. तिथे पुदिना, अळू, आलं, हळद लावावी आणि टोमॅटोचा हट्ट सोडावा. पालेभाजीला रोज तीन-चार तास ऊन चालतं, वांगी-मिरची-टोमॅटोला सहा तास हवंच. एखाद्या रविवारी दर तासाला गॅलरीत डोकावून ऊन कुठवर आलं ते खडूने फरशीवर आखून ठेवलं, तर वर्षभराची चूक टळते.

दिवाळी हा महाराष्ट्रात बाग सुरू करायचा उत्तम मुहूर्त, याचं एक कारण हे ऊन. शिवाय पाऊस सरलेला असतो, रात्री गार होऊ लागतात, कीड तुलनेने कमी. मेथी पेरल्यावर पंचवीस-तीस दिवसांत जुडी हातात येते. पालक महिनाभरात पहिली कापणी देतो आणि बुंधा ठेवून कापला तर पुन्हा फुटतो. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांचा. त्याचा पाला आणि कोवळ्या शेंगा म्हणजे डिंगऱ्या, दोन्हींची भाजी होते. लाल माठ वर्षभर येतो. नवख्याने पहिल्या हंगामात एवढंच करावं, फार तर दोन मिरच्या आणि एक वांगं.

कोथिंबिरीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यांची सुरुवात तिच्यापासून होते आणि सगळ्यांची निराशाही. डब्यातले धणे तसेच मातीत टाकले की पंधरा दिवस काहीच होत नाही. आपण ज्याला धणा म्हणतो ते फळ असतं, त्याच्या पोटात दोन बिया. धणे कागदावर पसरून त्यावरून लाटणं किंवा चपलेचा तळ हलक्या दाबाने फिरवला की प्रत्येक धण्याची दोन शकलं होतात. पिठी होऊ द्यायची नाही. मग ती रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची, सकाळी निथळायची आणि पाव इंच खोल ओळीत पेरायची. वर ओलं बारदान टाकून ठेवायचं. आठ-दहा दिवसांत कोंब वर आले की बारदान त्याच संध्याकाळी काढायचं, नाहीतर रोपं पिवळी, लांबुडकी होतात. पाणी झारीने, तेही सकाळी. दीड महिन्यात कोथिंबीर कापायला येते. आणि कडक उन्हाळ्यात ती लावूच नये. गरमी लागली की चार पानांवर फुलोरा धरते. बाजारात एप्रिल-मेमध्ये जुडीचा भाव का चढतो, हे ज्याने घरी एकदा पेरली त्याला विचारावं लागत नाही.

पुढच्या हंगामात वेली लावल्या की नवी तक्रार सुरू होते. दुधीला, दोडक्याला फुलं भरपूर येतात, बोटभर फळही दिसतं आणि मग ते पिवळं पडून गळतं. माणूस खत वाढवतो, पाणी वाढवतो. अडचण वेगळीच असते. या वेलींवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या खाली छोटं फळ असतं, नराच्या खाली नुसता देठ. मधमाश्या किंवा पतंग न आल्याने पराग पोचलाच नाही, तर ते छोटं फळ झडतं. सातव्या मजल्यावर मधमाशी कमीच येते, मग हे काम हाताने करावं लागतं. आणि ते कधी करायचं हे प्रत्येक वेलीचं निराळं. कारलं, काकडी, लाल भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात. दोडका आणि दुधी संध्याकाळी. दुधीचं पांढरं फूल दिवस मावळताना उघडतं, कारण त्याचे पाहुणे रात्री उडणारे पतंग. तेव्हा दुधीचं परागीकरण सकाळी चहा घेता घेता करणाऱ्याच्या हाती फळ लागत नाही. संध्याकाळी नुकतं उमललेलं नर फूल तोडावं, पाकळ्या मागे साराव्यात, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. चार दिवसांत फळ हिरवंगार होऊन देठ खाली वाकू लागला की काम झालं.

कीड येणारच. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण आणि पानांवर पांढऱ्या वळणदार रेघा ओढणारी नागअळी हे गॅलरीतले नेहमीचे. सुरुवातीला नुसत्या पाण्याचा फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारावा, निम्मा मावा त्यानेच जातो. निंबोळी अर्क घरी करता येतो: 50 ग्रॅम सुक्या निंबोळ्यांचा गर कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचा, गाळून चिमूटभर साबण घालायचा आणि ऊन उतरल्यावर फवारायचा. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांचं जीवामृत कुंड्यांनाही चालतं. पाळेकरांना 2016 साली पद्मश्री मिळाली. त्यांचं प्रमाण एकरासाठी 200 लिटरचं असतं. घरासाठी वीस लिटर पाण्यात एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, 200 ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधावरची माती पुरे. दोन दिवस सावलीत आंबवून, पातळ करून मुळाशी घालावं. ज्यांच्या शेजाऱ्यांना वास सहन होत नाही त्यांनी चांगलं खत आणि आच्छादन यांवर भागवावं, बाग तरीही होते.

टोमॅटोचा तळ काळा पडला तर ती कीड नव्हे. पाणी कधी खूप, कधी नाही असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, त्याची ती खूण. त्यावर औषध नाही, रोजचं बेताचं पाणी हाच इलाज.

बियाण्याच्या बाबतीत मात्र नवख्यांनी डोळे उघडे ठेवायला हवेत. पाकिटावर संकरित असं लिहिलं असेल तर त्या फळातलं बी पुढच्या वर्षी तसंच पीक देईल याची खात्री नसते. सरळ वाणाचं बी धरून ठेवता येतं. भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाने 1980च्या दशकात दिलेलं 'परभणी क्रांती' हे असं सरळ वाण. पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या, पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या रोगाला ते तोंड देत असे, म्हणून त्याने देशभर नाव कमावलं. दापोलीच्या विद्यापीठाने कोकणच्या पावसात टिकणारी कारलं, पडवळ, दोडक्याची वाणं दिली, राहुरीने घाटावरच्या हवेला मानवणारी. ही बियाणी विद्यापीठांच्या विक्री केंद्रांवर मिळतात आणि ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या रंगीत पाकिटांपेक्षा कितीतरी भरवशाची असतात.

आणि त्याच्याही मागे आहेत ती गावरान वाणं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण वाल, घेवडा, भात, भाज्या यांची शंभराहून जास्त देशी वाणं त्यांनी घरातल्या बियाणे बँकेत जपली. 'बाएफ' संस्थेने त्यांच्या कामाला साथ दिली. बीबीसीच्या 2018च्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं, 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. राहीबाईंचा आग्रह बियाण्याइतकाच परसबागेचा आहे. घराच्या अंगणातच पोराबाळांच्या ताटातली भाजी निघाली पाहिजे, तीही फवारणीशिवाय. वालाच्या इतक्या जाती एका उंबऱ्याआड सापडतात, तेव्हा शहरातल्या भाजीवाल्याकडे दोनच प्रकार का मिळतात हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

दुष्काळी मराठवाड्यात हा विचार पोटापाण्याचा आहे. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेबरोबर धाराशिव, लातूर भागातल्या बायकांनी घरच्या शेतातला एक एकर मागून घेतला आणि त्यावर सोयाबीनऐवजी भाज्या, डाळी, तृणधान्यं सेंद्रिय पद्धतीने लावली. या कामाला 2017चा संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आधी घर खाईल ते पेरायचं, उरलं तर बाजार, हा त्यांचा क्रम. गॅलरीतल्या बागेनेही तोच क्रम ठेवावा. परदेशी ब्रोकोली आणि चेरी टोमॅटो फोटोत छान दिसतात, पण ज्या घरात रोज कढीपत्ता, मिरची, कोथिंबीर आणि आठवड्यातून दोनदा पालेभाजी लागते, तिथे आधी तीच हवी.

अपेक्षा किती ठेवायची, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. आहारतज्ज्ञ माणशी दिवसाला 300 ते 400 ग्रॅम भाजी खायला सांगतात. चौघांच्या घराला रोज किलोभराहून जास्त. साठ चौरस फुटांच्या गॅलरीतून एवढी भाजी निघत नाही, आणि निघेल असं सांगणारा कोणी कार्यशाळेचे पैसे मागत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण नीट ऊन असलेल्या तेवढ्याच जागेत पालेभाजी, मिरची आणि स्वादाचा पाला यांची घरची गरज बऱ्याच अंशी भागते. भाजी बाजारातून आणून धुण्याआधी फवारणीची जी शंका मनात असते, ती या एवढ्या जुडीपुरती तरी राहत नाही. पालेभाजी कापल्यापासून ताटात येईपर्यंत दहा मिनिटं लागतात, आणि त्या मेथीला जी चव असते ती मंडईतल्या दोन दिवसांच्या जुडीला येत नाही.

काही महापालिकांनी या कामाला हात दिला आहे. पुण्यात सोसायटीत गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाच्या पाण्याची साठवण यांपैकी एक व्यवस्था असेल तर मिळकतकरात 5 टक्के आणि दोन असतील तर 10 टक्के सवलत आहे. बऱ्याच सोसायट्या ती मागतच नाहीत. त्याच वेळी आवारातला पालापाचोळा मात्र कोपऱ्यात गोळा करून पेटवला जातो. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 साली उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये दंड ठरवला, तरी हे सर्रास चालतं. दंडाचं सोडा, ज्या पानांवाचून घरातलं एकही खत पुरं होत नाही तीच पानं आपण जाळतो आहोत.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. दिवाळीच्या फराळाच्या धावपळीत फक्त सोसायटीच्या झाडूवाल्या ताईंना सांगून ठेवा, की यंदापासून सुकी पानं पोत्यात भरून ठेवायची, जाळायची नाहीत. एक पोतं घरी आणा, भोकं पाडलेला एक डबा घ्या आणि पाडव्याला पहिला थर टाका. खत होईपर्यंत वाट बघायचीच आहे, तर शेजारी एका जुन्या टोपलीत मूठभर मेथी पेरा. महिनाभरात ती कापायला येईल.